लष्करातल्या वाड्यातील ब्लूग्रासची बैठक: तीन रविवारांनंतरचे मत

ग्वाल्हेरात हिवाळा आणि गाणे यांचा संबंध कोणाला जोडून द्यावा लागत नाही. डिसेंबर आला की हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाचा मांडव पडतो, २०२४ मध्ये या समारोहाने शंभरी गाठली, आणि त्या दिवसांत शहरातल्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून ‘आज कोण गाणार आहे’ हा प्रश्न भाजीच्या भावाइतक्या सहजपणे विचारला जातो. अशा गावात ब्लूग्रास नावाच्या अमेरिकन संगीताची खुली बैठक भरते आणि तिला कोणीही आपले वाद्य घेऊन जाऊ शकते, हे मला भाचीकडून कळले तेव्हा आधी विश्वासच बसला नाही. या हिवाळ्यात मी तिथे तीनदा जाऊन आले. जे ऐकले आणि स्वतः वाजवले, ते पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बैठक लष्करातल्या एका जुन्या वाड्यात, तळमजल्यावरच्या लांबट खोलीत भरते. डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, दुपारी चार ते सात. यजमान दांपत्य अनेक वर्षे अमेरिकेत राहून परत आलेले आहे. सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. प्रवेशशुल्क नाही. दाराशी एक पितळी डबा ठेवलेला असतो, त्यात चहा-खाण्यासाठी ज्याला जे वाटेल ते टाकावे. गल्ली अरुंद असल्यामुळे मोटार आत जात नाही. महाराज बाड्यापाशी उतरून पायी जाणे उत्तम. खोलीत पंधरा माणसे नीट बसतात. जानेवारीच्या दुसऱ्या बैठकीला बावीस जण आले तेव्हा गिटारचा दांडा शेजाऱ्याच्या कानाला लागत होता.

आता ब्लूग्रास म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, कारण मी गेले तेव्हा मलाही फारसे ठाऊक नव्हते. हे नाव केंटकी राज्याच्या टोपणनावावरून आले. तिथल्या रोझीन या खेड्यात १९११ मध्ये जन्मलेल्या बिल मन्रो या मँडोलिनवादकाने आपल्या वाद्यवृंदाचे नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’ ठेवले आणि पुढे १९५० च्या दशकात त्या धर्तीच्या सगळ्या संगीतालाच लोक ब्लूग्रास म्हणू लागले. आईवडील लवकर गेल्यामुळे मन्रो काही काळ मामाकडे राहिला. हा मामा, पेन व्हँडिव्हर, गावोगावच्या नाचांना फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवीत असे, आणि भाचा त्याला साथ करीत असे. आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडूनही त्याने पुष्कळ घेतले. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या फिडलच्या चाली, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधली सामूहिक गाणी असे तीन प्रवाह त्यात मिसळले आहेत. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक मन्रोच्या वृंदात आला आणि तीन बोटांनी बँजो वाजवण्याच्या त्याच्या पद्धतीने या संगीताला आजचे रूप मिळाले. घराण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला ही हकिकत परकी वाटत नाही. मामाच्या मागे बसून साथ करता करता तयार झालेला भाचा आपल्याकडेही गल्लोगल्ली सापडतो.

बँजो हा शब्द ऐकून पुष्कळांची फसगत होते, म्हणून खुलासा करते. आपल्याकडे मिरवणुकीत ‘बँजो’ म्हणून जे वाजते ते बुलबुलतरंग. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून वाजवायचे पेटीवजा वाद्य. ब्लूग्रासचा बँजो त्याहून सर्वस्वी वेगळा आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी आपल्या तंतुवाद्यांच्या आठवणीवरून अमेरिकेत जे वाद्य घडवले, त्याचा हा वंशज. पहिल्या दिवशी दादांनी तो माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. खाली डफासारखे गोल कडे, त्यावर ताणून बसवलेला पांढरा पडदा, पडद्यावर नुसत्या तारांच्या दाबाने उभी राहिलेली लाकडी घोडी, आणि वर सतारीसारखे स्वरांचे पडदे बसवलेला लांब दांडा. खालचा तो पांढरा पडदा आता बहुतेक बँजोंवर प्लास्टिकचा असतो, पूर्वी कातड्याचा असे. पडद्यावर नखाने टिचकी मारली तर डग्गीसारखा गोल नाद येत नाही, कोरडा ‘टक्’ असा येतो, आणि तोच कोरडेपणा तारेच्या सुरातही उतरतो. सूर उमटतो आणि लगेच मावळतो. म्हणूनच बँजोवादकाला एकामागून एक सूर अखंड ओघळत ठेवावे लागतात. अंगठ्यावर प्लास्टिकची आणि दोन बोटांवर पत्र्याची नखी चढवून तो जे भराभर वाजवतो, त्यामागे दिखाऊपणा नसून वाद्याचीच गरज आहे, हे मला तेव्हा उमगले.

ग्वाल्हेरकरांना यावरून सरोद आठवल्याशिवाय राहणार नाही. जीवाजीगंजातल्या सरोद घरात जुनी वाद्ये ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कातडे मढवलेले तंतुवाद्य नवे नाही. पण मला जास्त नवल वाटले ते पाचव्या तारेचे. बँजोच्या दांड्याच्या मध्यावर, बाजूला, एक वेगळी खुंटी असते आणि तिथून एक आखूड तार निघते. ती दाबून स्वर काढायचा नसतो. अंगठा अधूनमधून तिला छेडत राहतो आणि वरचा षड्ज सतत कानावर पडत राहतो. ही आपल्या सरोद-सतारीवरची, मधूनमधून छेडायची चिकारीच की! नेहमीच्या मिळवणीत बाकीच्या चार तारा मंद्र पंचम, षड्ज, गंधार आणि पंचम अशा असतात, षड्ज पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा. म्हणजे बोट न लावता सगळ्या तारा छेडल्या तरी एक सुरेल ताना-बाना ऐकू येतो. मी दादांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरातून बोलावून आणले आणि मला ते पुन्हा सांगायला लावले.

मी व्हायोलिन वाजवते. चाळीस वर्षांपूर्वी शिकले, नंतर शाळेतल्या नोकरीत आणि संसारात ते बाजूला पडले, आणि निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतले. माझी मिळवणी गुरुजींनी लावून दिलेली सा-प-सा-प, पांढरी पाचमध्ये. ब्लूग्रासमध्ये याच वाद्याला फिडल म्हणतात आणि त्याच्या तारा जी, डी, ए, ई अशा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात; मँडोलिनच्या तारांच्या जोड्याही अशाच. मला वाटले होते की माझी मिळवणी पाहून तिथली मंडळी नाक मुरडतील. दादांनी ती एकदा ऐकली आणि म्हणाले, “काकू, फिडलवाले असे मुद्दाम करतात. याला क्रॉस ट्यूनिंग म्हणतात.” ए, ई, ए, ई अशी तार चढवून काही चाली वाजवल्या जातात. म्हणजे षड्ज-पंचम, षड्ज-पंचम, फक्त पांढरी सहामध्ये. केंटकी आणि व्हर्जिनियाच्या डोंगरांतला फिडलवाला आणि माझे गुरुजी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. मोकळी तार सोबतीला गुणगुणत राहावी, एवढीच दोघांची इच्छा.

मात्र याच पांढरी सहाने पहिल्या दिवशी माझी तार घेतली. बैठकीत एखादी चाल पांढरी पाचवरून पांढरी सहावर गेली की गिटारवाले दुसऱ्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावून मोकळे होतात. बँजोवालाही तेच करतो, आणि आखूड तार सातव्या पडद्याशी ठोकलेल्या बारीक खिळ्याखाली अडकवतो. व्हायोलिनला असा चिमटा नसतो. मी चारही तारा एकेक स्वर चढवू लागले. बाहेर धुके होते, बोटे गारठली होती, वरची तार बरीच जुनी होती. खुंटी करकरली आणि तार तुटून माझ्या मनगटावर आली. खोलीतले वादन थांबले. कोणी हळहळले नाही की घाईही केली नाही. मँडोलिन वाजवणाऱ्या मुलाने आपल्या पेटीतून सर्वांत बारीक तारेचे पाकीट काढले, तिच्या टोकाचा फासा माझ्या व्हायोलिनच्या शेपटीवरच्या बारीक पेचाच्या आकड्यात अडकवला, आणि म्हणाला, “काकू, मँडोलिनची आणि व्हायोलिनची ही तार एकाच सुराची असते, चालून जाईल.” चालून गेली. आवाज किंचित पत्र्यासारखा येत होता, पण त्या खोलीत तो खपून गेला. मी घरी आल्यावर रीतसर तार बसवली. ती मँडोलिनची तार मात्र गुंडाळून पेटीत ठेवली आहे.

थंडीचा विषय निघाला म्हणून इथेच सांगते, कारण नव्या माणसाची पहिली अडचण हीच असते. जानेवारीत संध्याकाळी आपल्याकडे पारा झपाट्याने उतरतो. गारठ्यात पोलादी तार आकसते आणि सूर चढतो. उबदार खोलीत तीच तार सैलावते आणि सूर उतरतो. दारातून आत येताच वाद्य लावणे म्हणजे वाळूवर रेघ ओढणे. वीस मिनिटे आधी यावे, पेटी उघडून वाद्य खोलीत नुसते ठेवावे, चहा घ्यावा, आणि मग मिळवावे. यजमानांनी भिंतीशी एक लांब चटई याच कामासाठी अंथरलेली असते, हे मला फार आवडले. ज्याने स्वतः थंडीत वाद्य घेऊन प्रवास केला आहे, त्यालाच हे सुचते.

आता बैठकीच्या रीतीकडे वळते. जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, तो हाच आहे. सगळे वर्तुळात बसतात. समोर श्रोते नसतात; जो आला आहे तो वाजवतो किंवा गातो, निदान टाळ्यांनी ठेका धरतो. चाल सुचवण्याची पाळी वर्तुळात फिरत जाते. जिची पाळी, तिने चाल सांगायची, कोणत्या पट्टीत ते सांगायचे, आणि स्वतः उठाव करायचा. मग एकेक जण नजरेने किंवा मानेने खुणावला जातो आणि त्याला एक पूर्ण आवर्तन एकट्याने वाजवायला मिळते. त्याला ते ‘ब्रेक’ म्हणतात. नको असेल तर नुसती मान हलवायची, पाळी पुढे जाते, आणि कोणीही आग्रह करीत नाही. फिडलच्या चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मात्रांचा नव्हे, आठ मापांचा (माप म्हणजे ठरावीक ठोक्यांचा गट), आणि प्रत्येक दोनदा. कहरव्यावर हात बसलेल्या माणसाला दोन फेऱ्यांत त्याचा अंदाज येतो. चाल संपवायची झाली की ज्याने ती सुरू केली, तो एक पाय जमिनीवरून उचलतो. आपल्या तिहाईसारखी ही खूण कानाला नसून डोळ्यांना आहे. मी जाजमावर मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पायावर टेकवून बसते, बाकी बहुतेक जण खुर्च्यांवर. त्यामुळे पाय सर्वांत आधी मला दिसतो. जानेवारीपासून शेजारच्या मुलीला मीच कोपराने खूण करू लागले.

स्वरसंगती समजायला मला वाटले त्यापेक्षा सोपी गेली. तिथे कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची, नावे न घेता बहुतेकदा आकडे सांगतात: एक, चार, पाच. एक म्हणजे षड्जावरची कॉर्ड, चार मध्यमावरची, पाच पंचमावरची. पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. सरगमात वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखे फार थोडे आहे. काही चालींत कोमल निषाद येतो आणि खमाजाची झुळूक आल्यासारखे वाटते. काही पाचच स्वरांच्या, भूपाच्या अंगाने जाणाऱ्या. पण मी एक चूक केली, आणि ती आपल्यापैकी बहुतेक जण करतील, म्हणून नोंदवते. पहिल्या ब्रेकमध्ये मी आलाप घेऊ लागले. मींड घेतली, निषादावर थांबले, आणि माझ्या पायाखालून कॉर्ड बदलून गेली. तिथे स्वराला थांबायला वेळ नसतो. जमीनच सरकत असते. दुसऱ्या वेळी मी नुसती मूळ चाल वाजवली, साधी, एकही हरकत न घेता, आणि वर्तुळातून पहिल्यांदा ‘वा’ आले.

ब्रेक वाजवणे हा या बैठकीतला लहान भाग आहे. पंधरा माणसे असली तर तुमच्या वाट्याला एका गाण्यात जेमतेम अर्धा मिनिट येतो. उरलेला सगळा वेळ तुम्ही दुसऱ्याच्या मागे वाजवत असता, आणि कसे वाजवता यावरच तुमची परीक्षा होते. कोणी गाऊ लागले की फिडलने गाण्याच्या ओळीत घुसायचे नाही, दोन ओळींच्या मधल्या जागेत चार स्वर टाकायचे. बँजोने आवाज खाली आणायचा. मँडोलिनने तारा दाबून, लगेच सोडून, उलट्या ठोक्यावर ‘चक्’ असा आघात द्यायचा. नियम एका वाक्यात सांगितला जातो: गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नसतील तर तुम्ही जोरात वाजवत आहात. आपल्याकडे साथीदाराचे कौतुक होते, पण साथ ही कला म्हणून सगळ्यांना, अगदी नवशिक्यालाही, पहिल्या दिवसापासून शिकवली जात नाही. माझ्या चार-पाच वर्षांच्या शिक्षणात मी कोणाच्या मागे वाजवल्याचे मला आठवत नाही. या तीन रविवारांत मी जितकी दुसऱ्याला ऐकत वाजवले, तितके आयुष्यात कधी वाजवले नव्हते, आणि माझ्या मते ही बैठक याच एका कारणासाठी गाठण्याजोगी आहे.

तबल्याचा प्रश्न डिसेंबरच्या बैठकीत निघालाच. शेजारच्या गल्लीतले एक ज्येष्ठ तबलावादक मोठ्या हौसेने जोडी घेऊन आले होते. दादांनी त्यांना अतिशय आदराने बसवले, चहा दिला, आणि मग समजावून सांगितले की या संगीतात परंपरेने तालवाद्य नसते: पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर बास हे खर्जातले तंतुवाद्य, दुसऱ्या आणि चौथ्यावर मँडोलिनचा आघात, असा दोन वाद्यांत वाटून घेतलेला ठेका हाच त्याचा ताल. त्यांना वाईट वाटले असणार. मलाही त्या क्षणी वाटले. परंतु दहा मिनिटांनी मँडोलिनवाल्या मुलाने पाणी पिण्यासाठी हात थांबवला आणि सगळी खोली हळूहळू लय वाढवीत धावत सुटली, तेव्हा त्या गृहस्थांनीच मान डोलावून म्हटले, “डग्गा तिकडे आहे आणि शाई इकडे आहे, मधे माझी जागा नाही.” यापेक्षा नेमके मला सांगता येणार नाही. बैठक संपल्यावर दादांनी त्यांना एकट्याने वाजवण्याची विनंती केली, आणि त्यांनी त्रितालात जे वाजवले ते ऐकायला गिटारवाली मुले जागची हलली नाहीत. हार्मोनियमबाबत मात्र नियम थोडा सैल आहे. सूर दाबून धरायला एखादी काकू पेटी घेऊन बसली तर चालते, भाता हळू ठेवावा लागतो.

गाण्यांबद्दल थोडक्यात. मुख्य आवाज, त्याच्या वरचा, त्याच्या खालचा आणि सर्वांत खर्जातला, असे चार आवाज एकाच ओळीवर वेगवेगळ्या स्वरांत उभे राहतात. वरचा आवाज ताणलेला, जवळजवळ हाक मारल्यासारखा लागतो, आणि तो तसाच हवा असतो. आपल्या कानाला सुरुवातीला हे सूर एकमेकांवर चढलेले वाटतात. भजनात सगळे एकाच सुरात गातात, त्यामुळे मिसळून जाण्याची आपली सवय वेगळी. पण वहिनींनी मला खर्जातली ओळ शिकवली, आणि चार आवाज जुळून आल्यावर खोलीतल्या पितळी डब्याचे झाकण कंपन पावून वाजू लागले, ते मी कानांनी ऐकले आहे. गाण्यांचे विषय पाहिले तर घर सोडून गेलेला मुलगा, गेलेली आई, डोंगरावरचे खोपटे, आगगाडी, देवाचे बोलावणे. कोकणातून किंवा देशावरून इथे आलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेल्या आपल्या घरांत यातले समजावून सांगावे लागेल असे काय आहे?

आता उणिवा. त्या यजमानांना मी तोंडावर सांगितल्या आहेत, म्हणून इथे लिहायला संकोच नाही.

सर्वांत गंभीर बाब शेगडीची. डिसेंबरच्या बैठकीत खोली उबदार राहावी म्हणून कोळशाची शेगडी आत ठेवली होती आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या. दीड तासाने माझे डोके जड झाले, आणखी दोघींनी तीच तक्रार केली. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीवही घेऊ शकतो. आपल्या भागात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, तरी आपण शेगडी खोलीत घेतो. मी उठून खिडकी उघडली आणि हे सांगितले. वहिनींनी लगेच शेगडी चौकात हलवली, आणि जानेवारीपासून ती चौकातच असते. दोन आवर्तनांच्या मधे ज्याला हात शेकायचे त्याने तिथे जाऊन यावे. खोलीत विजेचा हीटर आला आहे. तक्रार इतक्या लवकर मनावर घेणारे यजमान विरळा, हेही नोंदवते. तरीही नव्याने जाणाऱ्याने एक खिडकी किलकिली आहे ना, हे पाहून घ्यावे.

दुसरी बाब लयीची. पहिला तास सगळ्यांसाठी सावकाश, असे सांगितले जाते, पण कॉलेजातली चार-पाच मुले जमली की तो तास वीस मिनिटांत संपतो. त्यांचा हात तयार आहे, त्यांना उत्साह आहे, आणि त्यांच्यावर रागावता येत नाही. तरी ज्या बाईने महिनाभरापूर्वी गिटार हातात घेतली आहे, ती त्या लयीत फक्त हात हलवू शकते. सावकाशीचा तास घड्याळ लावून पाळला पाहिजे. एक गिटारवादक तर प्रत्येकाच्या ब्रेकमध्ये आपलेही स्वर वाजवत राहतात. त्यांना कोणी तरी प्रेमाने सांगायला हवे, कारण ज्या गुणासाठी मी या बैठकीची एवढी स्तुती केली, तोच त्यामुळे बिघडतो.

तिसरी, गाण्यांच्या कागदांची. शब्द रोमन लिपीत छापलेले आहेत. खोलीतल्या निम्म्या मंडळींना इंग्रजी येते, पण गाताना ते झरझर वाचणे वेगळे. मी तीन गाणी देवनागरीत उतरवून, कॉर्डचे आकडे वर लिहून, प्रती काढून नेल्या. त्या दिवशी ज्या आजी नुसत्या बसून असत त्या दुसऱ्या कडव्यापासून गाऊ लागल्या. हे काम पुढे चालवायला मला आनंद आहे. चौथी बाब बासची. या संगीताला उभा, माणसाएवढा लाकडी बास लागतो. तो इथे नाही, म्हणून विजेवरचा बास गिटार छोट्या पेटीतून वाजवतात. वाजवणारी मुलगी फार समजूतदार आहे, आवाज बेताचा ठेवते, पण लाकडाचा श्वास त्यात नाही आणि वीज गेली की ठेक्याचा अर्धा भागही जातो. जानेवारीत दोनदा गेली.

खाण्याबद्दल तक्रारीला जागा नाही. साडेपाचला आल्याचा चहा, वहिनींच्या हातचे मटारचे पोहे, आणि कोणी ना कोणी आणलेली गजक. फक्त गजक खाऊन तसेच वाद्य हातात घेऊ नये. तिळाचा चुरा आणि गुळाचा चिकटपणा तारांवर बसतो. हात धुवायला चौकात गरम पाण्याचे घंगाळे ठेवलेले असते.

युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले तेव्हा आपल्याला अभिमान वाटला, आणि तो रास्त होता. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून चालू आहे, पंडित कृष्णराव शंकर पंडितांसारखे गवई इथे होऊन गेले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथली गायकी महाराष्ट्रात नेली. पण या गावात ज्यांनी चार-दोन वर्षे गाणे-वाजवणे शिकून सोडून दिले, अशांची संख्या व्यासपीठावर चढलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि त्यांच्या कपाटांवर वाद्ये धूळ खात पडली आहेत. त्यांना परीक्षा द्यायची नाही, कार्यक्रम करायचा नाही. आठवड्या-पंधरवड्याने चार माणसांत बसून वाजवायचे आहे. अशांनी इथे जरूर जावे. ज्यांना एकट्याचे दीर्घ वादन ऐकायचे किंवा ऐकवायचे आहे, त्यांची इथे निराशा होईल. लहान मुलांना आणायला हरकत नाही, मात्र दहा वर्षांखालची मुले दीड तासानंतर कंटाळतात.

वाद्य नसेल तरी चालते. दादांकडे एक जादा गिटार आणि एक जुना मँडोलिन आहे. आदल्या दिवशी सांगितले तर ते तारा लावून ठेवतात. जाणाऱ्याने सोबत सुराचे यंत्र, पेन्सिल, एक जादा तार आणि पातळ शाल न्यावी; जाड कोटाच्या बाहीत गज अडकतो. फेब्रुवारीच्या चौथ्या रविवारी या हंगामातली शेवटची बैठक आहे. मी त्या दिवशी चारही तारा घरूनच पांढरी सहामध्ये चढवून नेणार आहे, आणि माझ्या पाळीला कोणती चाल सुचवायची तेही ठरले आहे. ज्यांना जाजमावर बसायला जमत नाही त्यांनी खुर्चीसाठी वहिनींना आधी कळवावे, कारण खुर्च्या बाराच आहेत.